त्याच्या नावाची वाट

४ फेब्रुवारी

ताई,

मागच्या आठवड्यात तू येऊन गेलीस, तेव्हा ह्यांना दोन दिवस बरं वाटलं. आता पुन्हा तेच. ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर चालू असतं. खाली दुकानात गिऱ्हाईक चष्म्याच्या फ्रेमा लावून बघत असतं आणि माझा एक कान जिन्याकडे. वरून यंत्राची घरघर ऐकू आली की मी पुढचं वाक्य बोलते.

छातीचे डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आतून निबर झाली आहेत. ती काही पुन्हा मऊ व्हायची नाहीत, आहे तेवढं टिकवायचं. किती दिवस, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. लेक रोज फोनवर विचारते, येऊ का. तिचं बाळ तान्हं आहे, तिला म्हटलं उन्हाळा लागला की ये.

आता मुद्द्याचं. तू हसशील, तर हस. मी नवस बोलले आहे. तुम्ही दोघं ज्या मोठ्या वाटेबद्दल इतकी वर्षं बोलत आलात, ती पठारावरून, खिंडीतून थेट समुद्राकाठच्या तीर्थापर्यंत जाणारी, ती कुणीतरी ह्यांच्या नावानं पूर्ण पायी चालायची. मी तर जिना चढताना मध्ये टेकते. लेक बाळंतीण. मग राहिलीस तू. जन्मभर तू असल्या वाटा तुडवत आलीस, आता निवृत्तही झालीस, घरी तुला कधी आलीस म्हणून विचारणारं कोणी नाही. तूच जा.

पण नवस म्हणजे नवस. वाटेत गाडीत बसायचं नाही, आणि काही झालं तरी मध्ये सोडून यायचं नाही. अर्ध्यात सोडलं तर उलटतं म्हणतात. तुझा विश्वास नसेल, माझा आहे असं समज.

आणि निघण्याआधी भेटायला येऊ नकोस. तू आलीस की हे उठून बसतात, जुन्या चढाया काढतात, आणि मग दोन दिवस धाप लागते. ती मला निस्तरावी लागते.

होय की नाही ते लगेच कळव.

ठकी

९ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र आलं तेव्हा माझी पाठपिशवी भरूनच ठेवली होती. फक्त ती तुझ्याकडे यायला भरली होती. तुला सांगणारच होते. तुमच्या गल्लीच्या टोकाला ती जी दुमजली इमारत आहे, तिथे एक खोली भाड्यानं मिळत होती. घरमालकिणीशी बोलणंही झालं होतं. म्हटलं, दोनेक महिने तिथे राहावं, तू दुकानात असशील तेव्हा दुपारी त्याच्यापाशी बसावं, तुलाही जरा पाठ टेकता येईल. पण तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, खाटेशेजारी बसायला कुणीही चालतं. चालायला मात्र मीच आहे.

देवाचं मला काही कळत नाही. रस्ते खात्यात आयुष्यभर नकाशे काढले. जे कागदावर उतरत नाही, त्याच्याशी माझं फारसं जमलं नाही. पण तू आज पहिल्यांदा माझ्या चालण्याकडे काहीतरी मागते आहेस. आजवर तुझ्या लेखी ती नुसती उनाडकी होती. म्हणून जाते. अगदी नीट जाते, एक पाऊल चुकवणार नाही.

माझी एक अट तूही ऐक. दर चार-पाच मुक्कामांनंतर मोठं यात्रीनिवास लागतं, तिथून मी पत्र टाकीन. ते त्याला वाचून दाखव. पूर्ण, गाळल्याशिवाय. माझ्या पुढच्या मुक्कामांचे पत्ते सोबत लिहिले आहेत. तिथे तुझं उत्तर ठेवून घेतील.

आणि उंटाला सांग, बूट जुनेच घेतले आहेत. नवे घेतले असते तर त्यानं मला मूर्खात काढलं असतं. (उंट म्हटलं की तू नाक मुरडतेस. पण आमच्या गिर्यारोहण क्लबाच्या पहिल्याच चढाईला ज्या माणसानं दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही, त्याला मी आता या वयात दुसरं काय म्हणू?)

न भेटता निघते आहे. हे मला जड जातंय, तेवढं लक्षात ठेव.

ताई

२४ फेब्रुवारी

ठके,

आता जाऊन त्याच्या उशाशी बस आणि इथून पुढचं मोठ्यानं वाच.

उंटा, डोळे मीट. आपण गावाच्या वेशीपाशी उभे आहोत. समोर दगडी खांब आहे, कमरेएवढा, त्यावर पायाचा ठसा कोरलेला. असे खांब शेवटपर्यंत लागणार. उजेड नुकता फुटलाय. पहिला तासभर वाट शेतांच्या बांधावरून जाते, माती ओली, बुटाला चिकटते आणि पाय शेरभरानं जड होतो. मग ओढा. वाट डाव्या हाताला ओढ्याच्या कडेनं वर चढते. तू म्हणाला असतास, घाई नको, पहिल्या दिवशी जो पळतो तो तिसऱ्या दिवशी लंगडतो. मी पळत नाहीये. पण पळणारे भरपूर आहेत. एका पोट सुटलेल्या वकिलानं पाठीवर इस्त्री आणली आहे. खरंच, इस्त्री! देवासमोर चुरगळलेल्या सदऱ्यानं कसं जायचं म्हणे. दुसऱ्या मुक्कामाला त्यानं ती निवासाच्या बाईंना बक्षीस देऊन टाकली. बाईंनी कपाट उघडून दाखवलं. आधीच्या यात्रेकरूंनी सोडलेल्या दोन इस्त्र्या, एक पितळी घंटा आणि जाडजूड पुस्तकांची चळत तिथे होतीच.

पठारावर आले तेव्हा वारा असा होता की तिरकं चालावं लागत होतं. झाड नाही, आडोसा नाही, नुसती पिवळी गवतं आणि वाट. तुला आवडतं तसं. तू कधी बोलला नाहीस, पण तुला झाडांपेक्षा हेच आवडतं, मला माहीत आहे. उताराला लागण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी आवळल्या, पुढे सैल सोडल्या, तू शिकवलं होतंस तशा. अंगठ्याची नखं शाबूत आहेत. डाव्या टाचेला एक फोड आला होता, पाणी निघावं म्हणून दोरा ओवून ठेवला, आता सुकलाय.

माझ्यापुढे एक जाडी बाई चालते, पावरोटीच्या भट्टीची मालकीण. सारखी मागे वळून विचारते, अजून किती. मी तिला सांगते, खांब मोजू नका, खांब संपत नाहीत.

पुढे खिंड आहे, उंटा. तीच. उद्या-परवा चढायला लागेन. वर गेल्यावर दोन्हीकडचं काय दिसतं ते तुला सविस्तर लिहीन.

ठके, तुझी तब्येत कशी आहे ते कळव. तू जेवतेस ना वेळेवर?

ताई

२८ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं. वाचून दाखवलं, दोनदा. इस्त्रीला हसले. हसल्यावर खोकला आला, मग यंत्राचा काटा वाढवला. म्हणाले, ओढा डाव्या हाताला नसणार, उजव्या हाताला असणार, तिला विचार. म्हणजे मी विचारायचं, तू उत्तर लिहायचं, मी पुन्हा वाचायचं. बरं. ओढा कुठल्या हाताला आहे?

मी जेवते. दुकान दुपारी बंद ठेवते. काच घासायचं मशीन चालवणारा कारागीर सोडून गेला. नव्या चष्म्यांची कामं बाहेर देते. एक बाई परवा तिचा चष्मा घेऊन ओरडत आली, आकडे चुकलेत म्हणून. चूक माझीच होती, उजव्याचा नंबर डाव्याला लिहिला. असं आधी कधी झालं नव्हतं.

फोन करू नकोस. घंटीनं हे दचकतात.

तू मन लावून चाल. इथली काळजी करू नकोस.

ठकी

९ मार्च

ठके,

उजव्या हाताला. ओढा उजव्या हाताला आहे. मी लिहिताना वर चढतानाचा नाही, मागे वळून बघतानाचा हात लिहिला. नकाशे काढणाऱ्या बाईची ही तऱ्हा. त्याला सांग, तू इथे न येताही बरोबर निघालास.

खिंडीतून टाकलेलं पत्र मिळालं का? चांगलं जाडजूड होतं. ते तू त्याला कसं वाचून दाखवलंस, तो काय म्हणाला, ते मला लिही. ती खिंड बघायची म्हणून त्यानं तीनदा सवड काढली होती आणि तिन्ही वेळा काही ना काही आडवं आलं. वर उभी होते तेव्हा मी मोठ्यानं बोलले सुद्धा. पावरोटीवाली म्हणाली, कुणाशी बोलताय? म्हटलं, आहे एक जण, मागे राहिलाय.

परवा, सात तारखेला, न राहवून फोन केला. तू नको म्हणाली होतीस, तरी केला. त्या दिवशीच्या निवासाखाली एक वाण्याचं दुकान होतं, तिथून. घंटी वाजत राहिली. थोड्या वेळानं पुन्हा केला. दुकानाचा नंबर फिरवला, तिथेही कोणी नाही. दुपारची वेळ, तुम्ही दोघं घरी नाही म्हणजे कुठे? तेव्हापासून पायात मन नाही. काल सपाट रस्त्यावर ठेचकाळले. मी, सपाट रस्त्यावर.

पावरोटीवाली आपल्या वारलेल्या भावासाठी चालते आहे. मला म्हणाली, तुमचं बरं आहे, तुमचा माणूस अजून आहे, मी तर आता कुणाचं काही वाचवायला चालत नाही, नुसती चालते. तिच्याशी बोलून बरं वाटायच्या ऐवजी उलटंच झालं.

या निवासासमोर बसचा थांबा आहे. सकाळी बसले तर दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या दारात. नवसाचं काय व्हायचं ते होवो. तू नुसतं ये म्हण. मी दोन दिवस इथेच थांबते आणि मग पुढच्या मुक्कामाला तुझ्या पत्राची वाट बघते. ये म्हणालीस तर तिथूनच निघते.

ताई

१३ मार्च

ताई,

अजिबात येऊ नकोस. काय हे डोक्यात घेतलंस? इतकं चालून आलीस आणि आता बसमध्ये बसणार? मग मी देवापुढे कुठल्या तोंडानं उभी राहू? तू शब्द दिला आहेस.

त्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो, तपासणीला. नेहमीची तपासणी. सगळं ठीक आहे. उलट आता बराच आराम आहे, धाप नाही. शांत असतात. खिंडीचं पत्र वाचलं, फार आवडलं. म्हणाले, ताईनं माझी खिंड पाहिली, आता मला बघायची राहिली नाही. आणि म्हणाले, पुढे उतार आहे तो हळू उतर म्हणावं, गुडघे सांभाळ.

इथे ऊन वाढलंय. वरच्या खोलीच्या खिडकीला मी पडदा शिवून लावला. त्यांना खिडकीपाशी बसायला फार आवडायचं. लेक आली आहे बाळाला घेऊन, चार दिवस राहील. घरात माणसं आहेत, मी एकटी नाही.

दुकानाची पाटी रंगवायला दिली आहे. जुनी अगदीच उडाली होती.

तेव्हा तू शेवटपर्यंत जा. समुद्र लागेपर्यंत थांबू नकोस. पोचलीस की कळव.

ठकी

२९ मार्च

ठकी,

ही माझी शेवटून दुसरी रात्र असायची होती. उद्याचा एकच टप्पा उरला आहे, इथून समुद्राचा वास येतो.

आज दुपारी निवासाच्या ओसरीवर पाय धूत बसले होते. समोर आमच्या क्लबातला फोटोवाला मुक्कामाला उतरला. नव्या पोरांची एक तुकडी शेवटचे तीन मुक्काम चालते आहे, त्यांच्याबरोबर तो आला होता. मला बघून धावतच आला, आणि मग मध्येच थांबला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मी हसत म्हटलं, अरे ये ना, असा उभा का. तो म्हणाला, "ताई, तुम्ही त्या दिवशी दिसला नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हाला सोसणार नाही म्हणून आला नसाल."

मी विचारलं, कुठल्या दिवशी.

त्यानं मला सांगितलं, ठकी. बिचाऱ्याला वाटलं मला ठाऊक आहे, म्हणून आधी तो दुसरंच बोलत होता, लाकडं ओली होती, पाऊस पडून गेला होता, क्लबाचे सगळे झाडून आले होते. मग माझा चेहरा बघून त्याला उमजलं. मी त्याला तारीख विचारली. सहा मार्च गेला, सात मार्चला दुपारी उचलला.

सात मार्च. ती घंटी रिकाम्या घरात वाजत होती, आणि तू मला लिहिलंस, नेहमीची तपासणी.

मी तीन आठवडे मेलेल्या माणसासाठी चालते आहे. रोज संध्याकाळी पाय धुताना मनात त्याच्याशी बोलते, उद्याचा टप्पा सांगते. तू मला लिहिलंस की तो शांत असतो. धाप नाही. अगं, नसणारच! हे लिहिताना तुझा हात कसा चालला? तू मला लिहिलंस, गुडघे सांभाळ म्हणाले. कोण म्हणालं?

मी तुझी सख्खी बहीण आहे. माझं एवढं काय चुकलं होतं की मला त्याचं तोंड बघू दिलं नाहीस? मला कारण हवं आहे. नवसाचं सांगू नकोस, मी मूर्ख आहे पण तेवढी नाही.

माझ्या घरच्या पत्त्यावर उत्तर पाठव.

ताई

४ एप्रिल

ताई,

कारण हवं, तर घे.

तुझी ती घरमालकीण चष्मा माझ्याकडूनच करते. जानेवारीत काड्या घट्ट करून घ्यायला आली आणि म्हणाली, तुमची बहीण माझ्याकडे राहायला येते आहे, तुमच्या यजमानांच्या शेवटच्या दिवसांत जवळ राहायचं म्हणते. तू मला सांगायच्या आधी तिनं मला सांगितलं. मी स्क्रू पिळत होते, तो हातातून पडला आणि काउंटरखाली गेला. गुडघ्यांवर बसून शोधत होते आणि मला दिसत होतं, तू रोज दुपारी त्या खाटेपाशी बसली आहेस, तुम्ही दोघं डोंगरांबद्दल बोलताय, आणि मी खाली कुणाच्या तरी नाकाचं माप घेते आहे. तसंच तर आयुष्यभर चाललं. वर्षातून दोनदा तू ह्यांना घेऊन जायचीस. काळे कुळकुळीत होऊन, हसत परत यायचे. मग महिनाभर कपाळाला आठ्या. त्यांचे हसरे दिवस तुझे. त्यांच्या सर्दीतापाचे, चिडचिडीचे, मळक्या मोज्यांचे दिवस माझे. तू त्यांना "तो" म्हणतेस, "उंट" म्हणतेस. मला लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना "अहो"च्या पुढे जाता आलं नाही.

तुमच्यात काही नव्हतं हे मला माहीत आहे. ते असतं तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. पण जे नव्हतं त्याबद्दल कोणाशी भांडणार?

म्हणून म्हटलं, शेवटचे दिवस तरी माझे. आजारी का होईना, आता ते कुठे जाऊ शकत नव्हते. आणि तुला लांब ठेवायचं तर एकच उपाय होता. तुला चालायला सांगितलं की तू काही विचारत नाहीस.

आणि ऐक, पुढचंही ऐक. तुझं पहिलं पत्र मी प्रामाणिकपणे वाचलं. तू म्हणालीस तसं उशाशी बसून. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं बघते तर पांघरुणाखाली त्यांची पावलं हलत होती. एक, मग दुसरं. ते चालत होते, ताई. मी इथे त्यांचा हात धरून बसले होते आणि ते तुझ्याबरोबर पठारावर होते. मी तुला हाकलून दिलं आणि तू पत्रातून येऊन त्यांना घेऊन गेलीस.

खिंडीचं पत्र दोन दिवसांनी आलं. ते मी उघडलं नाही. त्यांनी विचारलं, ताईचं पत्र? मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, नाही आलं. मग त्यांना घोर लागला. म्हणाले, खिंडीत बर्फ असतो, ती घसरली तर नसेल, कोणाला तरी फोन करून विचार. शेवटचे चार दिवस त्यांना तुझा घोर होता. माझा नाही. सहा तारखेला मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते. त्यांचं डोकं माझ्या हातावर होतं. त्यांनी विचारलं, पत्र? मी नाही म्हटलं. ते शेवटचं.

तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. पण तू आली असतीस, आणि क्लबाची सगळी माणसं तुझ्या गळ्यात पडली असती. तुझं सांत्वन करून करून दमली असती, आणि मी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी चहा टाकत उभी राहिले असते. एक दिवस तरी मी त्यांची बायको म्हणून पुढे उभी राहिले. सगळे माझ्याकडे आले. मला त्याची लाज वाटत नाही.

खिंडीचं पत्र अजून बंदच आहे. हवं तर परत पाठवते.

ठकी

१२ एप्रिल

ठकी,

पत्र परत पाठवू नकोस. फाडून टाक किंवा उघडून वाच, मला दोन्ही सारखंच.

तीर्थापर्यंत गेले होते. श्रद्धा म्हणून नाही, तुझ्या नवसासाठी तर नाहीच. परतीची बस तिथूनच सुटते. आत गेले नाही. पावरोटीवाली आत जाऊन आली, रडून मोकळी झाली, आणि मला म्हणाली, तुमचं काय झालं? मी म्हटलं, पोचले. तिनं मला मिठी मारली. तिला वाटलं, मीही रडते आहे ती आनंदानं.

तुझं सगळं पत्र वाचलं. मोज्यांचंही वाचलं. मी भांडणार नाही. फक्त एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगते.

तुला वाटतं डोंगरावर तो माझा असायचा. मुक्कामाला पोचलं की आम्ही सगळे आधी बूट काढायचो. तो नाही. तो बुटांसकट फोन शोधत फिरायचा. एकदा दोन कोस मागे चालत गेला, कारण मागच्या गावात टपाल कचेरीत फोन होता. आणि वाटेत काय बोलायचा, तर दुकान. आज तिनं एकटीनं काच घासली असेल, बोट तर कापून घेतलं नसेल. आज ती उपाशीच काउंटरवर बसली असेल, मी नसलो की ती जेवत नाही. चढावर, उतारावर, तासन्‌तास. क्लबातले लोक कंटाळून पुढे निघून जायचे. मी नाही जायचे. मी ऐकत चालायचे, कारण त्याच्या शेजारून चालायचं तर तुझ्याबद्दल ऐकावं लागायचं. दुसरी सोय नव्हती. एकदा मी चिडून विचारलं, एवढं आहे तर तिला घेऊन का येत नाहीस? म्हणाला, "ती आली तर मी डोंगर कशाला बघीन?"

हे मी तुला एवढ्या वर्षांत सांगितलं नाही. तू नाक मुरडायचीस, टोमणे मारायचीस, आणि मला वाटायचं, वाटू दे तिला, तेवढं तरी माझ्या वाट्याला असू दे. तुला माझा हेवा वाटावा एवढंच माझ्याजवळ होतं.

आता तू म्हणशील, हे ताईनं सूड म्हणून लिहिलं, मला जन्मभर टोचावं म्हणून रचलं. कदाचित रचलंही असेल. तुला ते कसं कळणार? विचारायला तो नाही. त्याची पावलं खरंच हलत होती का, हे मला तरी कुठे कळणार आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यं घालायला तू मला चांगलं शिकवलंस.

त्या दुमजली इमारतीतली खोली नको, असं मी घरमालकिणीला कळवून टाकलं आहे. तुमच्या गल्लीत माझं आता काही काम नाही.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर मी ते उघडून वाचीन, आणि मला वाचायचं नाही.

ताई